न संपणारा डबा

गल्लीत तिला नावानं कुणीच हाक मारत नसे. लहानथोर सगळे ‘राहूदे आजी’ म्हणत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. घरातली कुठलीही वस्तू बाहेर टाकायला निघाली, की म्हातारीचा हात आडवा आलाच. “राहू दे, लागेल कधीतरी.” फुटक्या बादलीची कडी राहू दे, चष्म्याची एकच दांडी राहू दे, खोक्यावरची दोरी तर राहूच दे. बरं, कधीतरी ते खरंच लागायचं! शेजारणीच्या कपाटाची किल्ली हरवली, तेव्हा आजीच्या डब्यातल्या बेवारशी किल्ल्यांमधली एक अचूक बसली. झालं! त्यानंतर प्रत्यक्ष ब्रह्मदेव खाली उतरला असता, तरी जगात टाकण्यासारखं काही असतं हे तो तिला पटवू शकला नसता.

घर दोन खोल्यांचं, जिना चढून वर. मुलगा मालट्रक चालवायचा, त्यामुळे तो घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. उरल्या दोघी, सासू आणि सून. आता सासू-सून म्हटल्यावर विळ्याभोपळ्याचं सख्य असणार असं धरून जी माणसं चहाला यायची, ती चहा पिऊन हिरमुसली होऊन जायची. भांडणं व्हायची, नाही असं नाही, पण ती दारावरच्या बेलच्या आवाजानं मिटण्याइतकीच. आजीचा उजवा खांदा आखडलेला होता, हात डोक्यापर्यंत जात नसे. म्हणून रोज सकाळी कामावर निघण्याआधी सून तिचे केस विंचरून अंबाडा घालून द्यायची. तेवढा वेळ दोघी काय वाटेल ते बोलायच्या. आजीला दिवसातला तो वेळ फार आवडायचा, फक्त तसं तिनं कधी सांगितलं नव्हतं.

सून एका दुकानात गाड्या चमकवायची. गाड्या धुणारे वेगळे हो! हिचं काम त्यानंतर सुरू व्हायचं. रंगावरचे बारीक ओरखडे पॉलिशनं काढायचे, चाकांच्या जाळीतली काळी चिकट घाण द्रावण लावून सोडवायची, आतल्या सीटांचे डाग घालवायचे. आणि सगळं झालं की शेवटचा हात तिचा. पातळ मोजा घालून ती गाडीच्या पत्र्यावरून सावकाश हात फिरवायची, डोळे मिटून. उघड्या बोटांना जी खरखर कळत नाही, ती पातळ मोज्यातून चक्क कळते. एवढासा कण हाताला लागला, की गाडी परत आत. सुनेचा हात फिरल्याशिवाय मालक गिऱ्हाइकाला किल्ली देत नसे, आणि ती गोष्ट आजी गल्लीत इतक्या वेळा सांगून चुकली होती, की लोक तिला बघून रस्ता बदलत.

तर चाकांच्या आणि डागांच्या कामाचे हे हातमोजे. आधी सुनेनं प्लॅस्टिकचे आणले, ते पहिल्याच चाकाला अंगठ्याशी फाटले. मग रबराचे आणले, ते ग्रीस लागलं की लिबलिबीत व्हायचे. शेवटी दुकानदारानं नायट्राइल नावाच्या, ग्रीसला दाद न देणाऱ्या रबराचे दिले, गडद निळे, जरा जाड, बोटांच्या टोकांना बारीक दाणे असलेले. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, टिकाऊ, आणि त्याखाली लहान अक्षरात, एकदा वापरून टाकून द्यावेत.

आजीनं डबा उलटसुलट करून दोन्ही वाचलं. “काय गं, टाकायचेच, तर टिकाऊ कशाला?”

“काम होईपर्यंत टिकायला हवेत आई, कामानंतर नव्हे.”

आजीनं मान डोलावली. पटलं काडीचंही नव्हतं.

सुनेच्या दुकानातली कचऱ्याची पेटी पार मागल्या दाराशी होती. तेवढं कोण चालत जातो! सून वापरलेले मोजे एप्रनच्या खिशात कोंबायची आणि एप्रन तसाच घरी धुवायला आणायची. धुणं आजीकडे. पहिल्याच दिवशी खिशातून निळा गोळा निघाला. तिनं एकेक मोजा सोडवला, तोंडानं फुगवून बघितला. पाचही बोटं टम्म उभी राहिली, कुठे भोक नाही, चीर नाही. आता तुम्हीच सांगा, असला धडधाकट मोजा राहूदे आजी टाकेल? तिनं ते साबणाच्या पाण्यात खळखळून धुतले, चादरीमागे दोरीवर चिमट्यात अडकवले, सुकल्यावर आत टाल्कम पावडर मारली, आणि नीट घडी करून मोज्यांच्या डब्यात तळाशी सरकवले. डबा घरीच असायचा, सून रोज सकाळी त्यातून लागतील तेवढे घेऊन जायची. पुढे तो नेमच झाला. सुनेला सांगायचं मात्र तिनं टाळलं. सांगितलं, की ती ‘नको आई’ म्हणणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यामुळे डबा संपेना. सून कौतुक करून थकली. “आई, काय बरकत आहे हो या डब्याला! दुकानात सगळ्यांना मी हेच घ्यायला लावलेत.” आजी गालातल्या गालात हसायची. आपण घराला हातभार लावतोय, तोही बोभाटा न करता, या विचारानं तिचा दिवस छान जायचा.

मग सुनेचे हात बिघडायला लागले. आधी नुसती खाज, मग बोटांच्या पेरांवर लाली, मग भेगा. तिला वाटलं, साबण बदलून बघू. साबण बदलला. तिला वाटलं, पॉलिश लागत असेल. म्हणून आधी जिथे उघड्या हातानं पुसायची, तिथेही मोजे घालायला लागली. घरी भांडी घासतानाही मोजे. जितके मोजे जास्त, तितके हात वाईट. आजी तेल कोमट करून तिच्या भेगांवर लावायची आणि देवाला विचारायची, की या कष्टाळू पोरीनं तुझं काय वाकडं केलंय?

एका सकाळी केस विंचरताना सुनेच्या बोटाच्या भेगेत आजीचा एक केस अडकला. ती ‘स्स’ करून मागे सरली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण म्हणाली, “आज तुम्हीच बघा ना आई.” आजीनं डाव्या हातानं कसाबसा अंबाडा घातला. तो दिवसभर कानावर लोंबत राहिला, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्या.

त्यातच मालक म्हणाला, “तू आता काउंटरवर बस. पावत्या फाड. हात बरे झाले तर बघू, नाहीतर शेवटच्या हाताला मला दुसरं माणूस ठेवावं लागेल.” शेजारीण म्हणाली, काउंटर काय वाईट? पंखा आहे, खुर्ची आहे. सून तिच्यासमोर हसली आणि आत येऊन ओट्याला टेकून ढसाढसा रडली. “मला नाही हो पावत्या फाडायच्या. मला दुसरं काय येतं? मला हेच येतं, आणि हेच आवडतं.” आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे दोघी गेल्या. बाईंनी आधीच सांगितलं होतं, जे जे वापरता ते सगळं आणा. पिशवीतून बाटल्या निघाल्या, साबण निघाला, फडकी निघाली, डबा निघाला. बाईंनी हात दिव्याखाली धरून बघितले.

“मोजे रोज नवे घालता?”

“दर वेळी नवे. जुना कधीच नाही. या डब्यातूनच काढते.”

“मग मोज्यांचा दोष नसावा,” बाई म्हणाल्या. “कामातलं कुठलंतरी रसायन तुम्हाला मानवत नाहीये. स्पष्टच सांगते, हे काम तुम्हाला सोडावं लागेल असं दिसतंय.”

सुनेनं हात मांडीवर ठेवले, तळवे वर करून. आजीची नजर मात्र डब्यावर खिळली. दर वेळी नवे, असं पोर किती विश्वासानं म्हणाली! गप्प बसलं तर कुणाला म्हणून कळणार नव्हतं. डबा तोंड उघडून बोलणार नव्हता. गप्प बसलं तर आजीची अब्रू शाबूत राहणार होती, आणि पोरीचं काम जाणार होतं.

“बाई,” ती म्हणाली, “समजा हं, नुसतं समजा, कुणी हे मोजे धुऊन परत घातले तर?”

“धुऊन?” बाई हसल्या. “अहो, ते द्रावण त्यात मुरतं, ते साबणानं जात नाही. वर साबणही आत राहतो. मग घामेजलेला हात तासन्‌तास त्यातच शिजतो. त्यापेक्षा उघडा हात परवडला. पण असं कोण करेल?”

“मी,” आजी म्हणाली. “मीच करते. रोज. तिला ठाऊक नाही हो, तिच्यावर रागावू नका.” एवढं बोलली आणि तिला हुंदकाच फुटला. बाईंनी डब्यात हात घालून तळाचा एक मोजा काढला, उलटा केला, वास घेतला. टाल्कमचा घमघमाट सुटला.

घरी जाताना सून पिशवी छातीशी धरून भराभर पुढे निघाली. आजी दोन पावलं मागून चालत होती, चोरासारखी. जिन्यात सून थांबली. “आई, मी रागावलेय. फार रागावलेय. इतके दिवस मी माझ्याच हातांना शिव्या देत होते.”

“दे गं, मला शिव्या दे. माझ्या हातानं मी तुझ्या हातांचं वाटोळं केलं.”

सून रेलिंग धरून उभी राहिली. मग म्हणाली, “तिथे गप्प बसला असता, तर मला जन्मात कळलं नसतं.” आणि तिच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. आजीला वाटलं रडतेय. पण ती हसत होती. “अहो, मी दुकानभर सांगत सुटले, हा डबा संपत नाही म्हणून! त्यांचे भराभर संपतात, म्हणून ते मला भेटतील तिथे धरतात! आता काय सांगू त्यांना? सासू आणा म्हणू?” मग आजीलाही हसू आलं, रडता रडता. तिसऱ्या पायरीवर दोघी बसल्याच.

बाईंनी मलम दिलं, मोजे बंद, कामाला सुट्टी. मालकाला सुनेनं फोन करून मुदत मागितली. त्यानं कुरकुरत, पण दिली.

नवे मोजे घ्यायला आजी स्वतः गेली, सुनेला बरोबर घेऊन. दुकानदाराचा जीव नकोसा केला तिनं. आत पावडर आहे का? नकोच. मनगटाच्या वर किती येतो? द्रावण आत ओघळता कामा नये. अंगठ्याच्या बेचक्यात ताणून दाखवा. सुनेचा तळवा तिनं दुकानातच टेपानं मोजायला लावला, तेव्हा कळलं, की आधीचे एक माप मोठे होते. तेही आजीचंच शहाणपण! “थोडे मोठेच घे, पुढे होतील,” असं तीच म्हणाली होती, जणू सुनेचे हात वाढत्या वयाचे होते. शेवटी दोन डबे घेतले, चाकांसाठी जाड आणि शेवटच्या हातासाठी पातळ.

सुट्टीत सून स्वस्थ बसेना, म्हणून आजीनं आपल्या सासऱ्यांच्या वेळचं लाकडी कपाट काढलं. जुना रंग खरवडायचा, नवं पॉलिश लावायचं, किती वर्षं राहून गेलं होतं ते. सून खुर्चीत बसून सूचना देणार, मोजे घालून काम आजी करणार. “उलट दिशेनं नको आई, लाकडाच्या रेषेनं. तो मोजा बदला आता, रंगाचं द्रावण लागलंय त्याला.” आजीनं मोजा उतरवला. चांगला होता. कुठे चीर नव्हती, भोक नव्हतं. तिचा हात कचऱ्याच्या पेटीवर तसाच थांबला. सुनेनं ते बघितलं.

आजी उठली. कात्री आणली आणि मोज्याचा अंगठा कचकन कापून टाकला. “माझा माझ्यावर भरवसा नाही,” ती म्हणाली. त्या दिवसापासून घरातला प्रत्येक वापरलेला मोजा अंगठा गमावूनच पेटीत जायचा.

हात हळूहळू निवले. आधी लाली गेली, मग भेगा भरून आल्या. मुदत सरता सरता सून दुकानात गेली आणि पातळ मोजा घालून एका काळ्या गाडीच्या दारावर हात फिरवला. मालक बघत उभा होता. दाराच्या खालच्या कडेशी तिचा हात थांबला. “ही परत आत घ्या,” ती म्हणाली. मालकानं काउंटरवरची खुर्ची स्वतःकडे ओढून घेतली आणि पावत्या फाडायला स्वतःच बसला.

पुढच्या खेपेला मुलगा घरी आला. सकाळी दात घासता घासता पेटीत डोकावला आणि ओरडला, “अगं आई, हे काय! इतके चांगले मोजे, नुसता अंगठाच नाही. राहू दे की, चार बोटांना तरी चालतील!”

आजी पाटावर बसली होती. मागे सून तिचे केस विंचरत होती. बोटं केसांतून फिरत होती, सावकाश, कुठेही न अडकता.

“टाक ते,” आजी म्हणाली.

मुलगा ब्रश तोंडात धरून आईकडे बघतच राहिला. जन्मात पहिल्यांदा ऐकत होता तो हे.

“टाक म्हटलं ना,” आजीनं डोळे मिटून घेतले. “तू विंचर गं. आज जरा वेळ लाव.”