आभारप्रदर्शनाचे श्रीरामराव

सेलूत कुठलाही कार्यक्रम असो, पाहुणे बदलतात, अध्यक्ष बदलतात, आभार मात्र आमच्या ह्यांनीच मानायचे. ह्यांचं नाव श्रीराम. कापसाच्या जिनिंगमध्ये उभा जन्म कारकुनी केली, पण त्याची गावात कुणाला आठवण नाही. 'आभारवाले श्रीरामराव कुठं राहतात?' असं स्टेशनवर विचारा, रिक्षावाला बरोबर आमच्या दारात आणून सोडतो. शाळेचं संमेलन, रक्तदान शिबिर, नव्या दवाखान्याचं उद्घाटन, सगळीकडं हे शेवटी उभे. आणि चर्चची व्याख्यानमाला म्हणजे तर ह्यांचा जीव की प्राण.

चर्च काही आमचं नाही, आमी घरात गणपती बसवणारी माणसं. पण व्याख्यानमाला आमची! दर फेब्रुवारीत तीन संध्याकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये सतरंज्या पडतात आणि निम्मं गाव येतं. पास्टर रणनवरे यांचा नियम एकच, की तीन दिवस धर्माचं बोलायचं नाही, जगाचं बोलायचं. लढाईत घरदार सोडून पळालेल्यांना कुणी जागा द्यायची, यंत्रं विचार करायला लागली तर माणसानं काय करायचं, असले विषय. बोरीहून लोक जीप करून येतात, ऐकतात आणि जाताना जीपमध्ये तावातावानं भांडतात. मला हे सगळं लय आवडतं.

आवडत नाही ती एकच गोष्ट. हे सगळ्यांचे आभार मानतात. सतरंज्या टाकणाऱ्यांचे, पाण्याचे जार आणणाऱ्यांचे, लाइट गेली नाही म्हणून वायरमनचे! अहो, पण सदऱ्याला इस्त्री कोण करतं? घसा बसू नये म्हणून काढा कोण उकळतं? माझं नाव आजवर माझ्या कानावर आलं नाही. मी काही हार-तुरे मागत नव्हते, पण वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाईट वाटायचं. यंदा मी ह्यांना सरळ बजावलं.

"या खेपेला आभारात माझं नाव ऐकू आलं नाही, तर पुढच्या वर्षापासून तुमचे तुमी जा. मी पाय ठेवणार नाही."

"बरं," म्हणाले आणि काढा पिऊन टाकला. असा संताप आला!

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. 'आभार' हा शब्द माइकमधून आला की सभा उठते. वक्ता कितीही मोठा असू दे, आभार म्हणजे कार्यक्रम संपला. कुणी पोराला खांद्यावर टाकतं, कुणी गाडीची किल्ली शोधतं, सगळे दाराकडं. माइकवाला महारुद्र तर बाहेरचा कर्णा आधी बंद करतो आणि वायर गुंडाळायला घेतो. आणि सगळ्यांत पुढं कोण? मी! व्याख्यानमालेच्या पहिल्याच वर्षी ह्यांची कोरी करकरीत चप्पल दारातून गेली होती. तेव्हापासून आभार सुरू झाले की मी उठायचं, चपलांच्या ढिगातून आमचे दोन जोड हुडकायचे आणि हे येईपर्यंत राखत उभं राहायचं, हे ठरूनच गेलेलं.

तर यंदाचा तिसरा दिवस. विषय होता, 'पृथ्वीला ताप आणला कुणी, भोगतंय कोण?' हॉल गच्च भरलेला, आणि वक्त्यांची गाडी परभणीच्या पलीकडंच खोळंबलेली. पास्टर दारात येरझाऱ्या घालायले. शेवटी ते ह्यांच्याजवळ आले आणि म्हणाले, "श्रीरामराव, पाहुणे येईपर्यंत तुम्हीच बोला काहीतरी."

ह्यांना! व्याख्यान द्यायला! एकदा तरी आपण वक्ता म्हणून उभं राहावं, ही ह्यांची जुनी हौस, मला ठाऊक होती. दरवर्षी दुसऱ्यांची भाषणं ऐकताना ह्यांचे ओठ हलायचे. आता आलीय वेळ, आणि आता फजिती झाली तर हा माणूस पुन्हा कधी माइक हातात धरायचा नाही, हेही मला ठाऊक होतं.

हे उभे राहिले. सदरा नीट केला, माइकवर टकटक केलं, घसा खाकरला. आणि सवयीनं तोंडातून काय निघावं? "सर्वप्रथम मी आभार मानतो..."

झालं! सगळा हॉल उठला. महारुद्रनं कर्णा बंद केला. आणि सांगायला लाज वाटते, पण मीसुद्धा उठून दाराशी पोचले, ह्यांची एक चप्पल हातात धरलीसुद्धा. तेवढ्यात पास्टर दोन्ही हात पसरून दारात आडवे उभे. "अहो, कुठं निघालात? व्याख्यान व्हायचंय अजून!"

मग काय हशा! लोक एकमेकांना ढकलत परत फिरले. माझी पुढची जागा बोरीच्या एका बाईनं तोवर बळकावली होती, म्हणून मी पार मागं, महारुद्रच्या यंत्राशेजारी टेकले. चप्पल तशीच हातात. पुढं हे पांढरेफटक उभे. मला वाटलं, जावं आणि हाताला धरून घरी न्यावं.

पण हे हसले. म्हणाले, "मंडळी, मी आभार म्हणतो आणि तुम्ही उठता. इतकी वर्षं मी रिकाम्या सतरंज्यांशी बोललो. आज परत बसलाच आहात, तर एकदा पुरते आभार ऐका."

हॉल हसला. ह्यांनी चर्चच्या विहिरीचे आभार मानले, जी मे महिन्यात सगळ्या गल्लीला पाणी देते. दारातल्या कडुलिंबाचे मानले, ज्याच्या सावलीत सगळ्यांच्या गाड्या उभ्या होत्या. मग म्हणाले, "परक्याचे आभार आपण लगेच मानतो. आपल्या माणसाचे मानत नाही, मानले तर परकं वाटतं. जमीन आपली, पाणी आपलं, झाड आपलं, म्हणून त्यांचेही कधी मानले नाहीत. ठीक आहे. पण आपलं आहे म्हणून नुसतं घेतच राहायचं का? जपायचं कुणी?"

कुणी उठलं नाही. बोरीची ती बाईसुद्धा मान हलवायली होती. मला ह्यांचा इतका अभिमान वाटला की डोळेच भरून आले. आणि मग हे म्हणाले,

"आणि शेवटी, बाहेर माझी चप्पल राखत उभ्या असलेल्या आमच्या सौ. उत्तरा. त्यांचे आभार मी मानणार नाही. त्यांच्या ऋणातच मला राहायचं आहे."

माझं नाव! भर सभेत! मी गोंधळून बाजूला बघितलं, तर महारुद्रचे ओठ हलत होते. शब्द न् शब्द ह्यांच्याबरोबर. '...ऋणातच मला राहायचं आहे.'

"अरे, तुला कसं पाठ?" मी विचारलं.

"काकू, हे तर दरवर्षीच असतंय," महारुद्र म्हणाला. "तुमी तवा बाहीर चपला राखायलाव, अन् माजा कर्णा बंद. हितं मी एकटाच असतोय ऐकायला."

मी हातातली चप्पल पदरानं पुसली.

मग पाहुणे आले, व्याख्यान झालं, छान झालं. त्यातलं मला काही विचारू नका. शेवटी पुन्हा हे आभाराला उभे राहिले आणि पुन्हा सगळा हॉल उठला. मी उठले नाही. रिकाम्या सतरंजीवरून सरकत सरकत पुढं गेले आणि अगदी ह्यांच्या समोर जाऊन बसले. हे बोलत बोलत शेवटच्या वाक्यापाशी आले. माझ्याकडं बघितलं. कान लाल झाले आणि "धन्यवाद!" म्हणून माइक बंद केला. महारुद्र पोट धरून हसायला लागला.

बाहेर आलो तर ह्यांची चप्पल माझ्या हातात एकच. दुसरी गेली ती गेलीच, आणि माझा जोडही गेला. अनवाणी घरी निघालो.

"घरी सांगता येत नव्हतं होय इतकी वर्षं?" मी विचारलं.

"घरी कुणी आभार मानतं का?" हे म्हणाले आणि खडे चुकवत चालायला लागले.

पुढच्या वर्षीही मी जाणार आहे. दोघांच्या चपला पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन पुढंच बसणार आहे. बघते, कसे वाक्य गिळतात ते.