पाटीवरची सही

‘दैनंदिन तसेच गंभीर स्वरूपाच्या कार्यालयीन कामास पाटी-संगणक पूर्णपणे योग्य आहे.’ हे वाक्य माझे आहे. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी कार्मिक विभागात उमेदीची सगळी वर्षे काढली, तेथील व्यवस्थापनाला दिलेल्या अहवालाच्या शेवटी मी ते लिहिले आणि खाली सही केली. कागदावर, शाईच्या पेनाने. त्यातली विसंगती तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

नवे शतक लागून पाच-सहा वर्षे झाली होती. कळफलक नसलेला, शाळेतल्या पाटीएवढा, काचेवर प्लास्टिकच्या लेखणीने लिहायचा तो संगणक आमच्याकडे कोणी पाहिलेला नव्हता. ‘टॅब्लेट येणार आहे’ असे मी कँटीनमध्ये सांगितले, तेव्हा भांडारातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “कशावरची? ॲसिडिटीवरची असेल तर मलाही दोन सांगा.” म्हणून मी ‘पाटी-संगणक’ असा शब्द काढला. त्या शब्दाचा मला थोडा अभिमानही होता.

यंत्राबद्दलचा माझा उत्साह पोकळ नव्हता, एवढे मी स्वतःच्या बाजूने म्हणू शकतो. कारखान्याचा एक कल्याण निधी होता. सेवेत असताना वारलेल्या कामगारांच्या विधवांना त्यातून दरमहा मदत जात असे, आणि वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, त्यांनी येऊन हयातीच्या दाखल्यावर सही करायची असे. उल्हासनगर, बदलापूर, चामटोलीपासून बायका येत. त्यांची कार्डे चाळीसेक फायलींत विखुरलेली होती. काहींना वाळवी लागलेली. स्टुलावर चढून कार्ड शोधण्यात अर्धा तास जाई आणि तेवढा वेळ त्या उभ्या असत. यंत्रात नाव टाकले की कार्ड समोर. हे सारे खरे होते, आजही खरे आहे.

त्या बायकांमध्ये उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये राहणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचे पती आमच्या बॉयलर विभागात होते, आजारपणात गेले. निधीच्या पहिल्या कागदांवर बाईंचा अंगठा मीच घेतला होता. घेतला म्हणजे त्यांचे बोट माझ्या चिमटीत धरून स्टॅम्पपॅडवर टेकवले, मग कागदावर. तशीच रीत होती. कोणालाही आपण होऊन अंगठा उठवू देत नसत, शाई फासते म्हणून. कार्डावर मी लिहिले, ‘निशाणी अंगठा’.

तिसऱ्या वर्षी त्या आल्या आणि पुढे केलेला स्टॅम्पपॅड त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारला.

“पेन द्या साहेब.”

वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी बायकांसाठी वर्ग चालत असे. तिथे त्या सहा महिने पाटीवर अक्षरे गिरवत होत्या. सही करायला त्यांना इतका वेळ लागला, की मागे उभी असलेली एक जण म्हणाली, “अगं, सही करतीयेस का पत्र लिवतीयेस गावाला?” बाईंनी मान वर केली नाही. नावाची चारही अक्षरे संपल्यावर त्यांनी डावीकडून उजवीकडे एक लांब शिरोरेघ ओढली, एका दमात, आणि मगच पेन खाली ठेवले. रांगेतल्या बायकांनी तो कागद हातोहात पाहिला. कार्डावरची ‘निशाणी अंगठा’ ही नोंद मी खोडली, वर ‘सही करतात’ असे लिहिले, बाजूला माझी आद्याक्षरे घातली. ते करताना मला काय वाटले होते हे मला नीट आठवते, आणि म्हणूनच पुढचे लिहिणे अवघड जाते.

यंत्राची चाचणी मी नोव्हेंबरातच ठेवली. मुख्य कार्यालयातून दोन अधिकारी आले होते. कॅम्प तीनमधल्या ज्या दुकानदारांकडून यंत्र घेतले, ते सिंधी गृहस्थही आवर्जून हजर होते. मोठ्या मनाचे, बोलके. टेबलावरची फायलींची चळत पाहून ते मला म्हणाले, “साईं, अब कागज को आराम दो.” सगळे हसले. पहिल्या चार-पाच बायकांच्या सह्या बऱ्यापैकी उमटल्या. मग त्या बाई आल्या.

त्यांना लिहिताना मनगट टेकायची सवय होती, पाटीवर शिकलेल्या माणसाला असते तशी. त्या काचेला मात्र लेखणी आणि मनगट यांतला फरक कळत नव्हता. मनगट टेकले की भलतीकडेच रेघ उठे. पहिला प्रयत्न पुसला. दुसरा पुसला. “मावशी, हात उचलून लिहा,” मी म्हणालो. हात उचलला की अक्षर थरथरे. तिसऱ्या वेळी चारही अक्षरे कशीबशी आली. बाईंनी नेहमीप्रमाणे शेवटी शिरोरेघ ओढायला घेतली. थकलेले मनगट खाली टेकले, आणि रेघ अक्षरांच्या डोक्यावरून न जाता पोटातून गेली. काचेवर त्यांचे नाव दिसत होते, पण खोडलेले.

त्या बघत राहिल्या. माझ्या मागे एका अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले. अधिकाऱ्यांनी मला काही सांगितले नाही, कोणी दबाव आणला नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो.

“राहू द्या मावशी,” मी म्हणालो. “अंगठाच द्या.”

“सही येती मला.”

“हो, पण पाटीवर येत नाही ना नीट.”

“पाटीवर सराव करत्यात साहेब,” त्या शांतपणे म्हणाल्या. “सही कागदावर घेत्यात.”

दुकानदार समजुतीने म्हणाले, “अम्मा, अंगूठा तो बेस्ट है. कोई कॉपी नहीं कर सकता.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पुन्हा थोडे हसू झाले. यंत्रात मी ‘अंगठा’ या शब्दासमोर खूण केली, खणातून स्टॅम्पपॅड काढला, आणि कोरा कागद पुढे ठेवला. कारण अंगठा कागदावर घेऊन त्याचे चित्र यंत्रात चढवायचे आणि कागद फायलीत लावायचा, अशी पद्धत होती. बाईंनी कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“अंगठ्याला कागद हाय, सहीला नाय?”

“यंत्राची पद्धत आहे ती,” मी म्हणालो.

आणि सवयीने मी त्यांचे बोट धरायला हात पुढे केला. त्यांनी स्वतःचा हात मागे घेतला. “मला येतं,” म्हणाल्या. अंगठा त्यांनीच उठवला, नेमका, एकही रेषा न फासता. पुसायला दिलेले फडके न घेता त्या निघून गेल्या.

त्याच आठवड्यात मी अहवाल लिहिला. त्यात आणखी एक वाक्य आहे, जे मला पहिल्यापेक्षा अधिक छळते: ‘एका प्रकरणी लाभार्थी सही करू न शकल्याने अंगठा घेण्यात आला.’ सही करू न शकल्याने. मी खोटे लिहिले असे कोणी म्हणणार नाही. कर्ता बदलून मी ते लिहिले, एवढेच. न शकणारे यंत्र होते. त्याच्या जागी मी बाईंना बसवले.

उन्हाळ्यात पडताळणीसाठी छापील यादी आली. त्यांच्या नावापुढे होते, ‘निशाणी अंगठा’. जुने कार्ड काढून पाहिले. माझ्या हस्ताक्षरातले ‘सही करतात’ तसेच होते, पण आता ते कोणाच्या कामाचे नव्हते. मी मुख्य कार्यालयाला दुरुस्तीसाठी कळवले. उत्तर आले की एकदा भरलेला हा रकाना बदलता येत नाही, फसवणूक टाळण्यासाठी तशी व्यवस्था आहे. दोनदा लिहिले, दोनदा तेच उत्तर. माझ्या अहवालात याच व्यवस्थेची मी ‘सुरक्षितता’ या शीर्षकाखाली प्रशंसा केलेली होती.

शेवटी एका रविवारी बदलापूरच्या माझ्या घरून निघालो आणि शेअर रिक्षाने कॅम्प पाच गाठले. बरोबर कोरा दाखला आणि पेन होते. बाईंनी मला खुर्ची दिली, चहा दिला, प्रकृती विचारली. मी कागद काढला आणि म्हणालो, “मावशी, माझी चूक झाली. यावर सही करा, मी फाइलला लावतो.”

त्यांनी कागद वाचला. खरोखर वाचला, ओळीवर बोट फिरवत. मग घडी करून माझ्याकडे परत दिला.

“हितं नको.”

“का?”

“अंगठा काय हितं घेतला व्हता का? जिथं घेतला तिथं घ्या सही.”

नोव्हेंबर आला. मी टेबलावर यंत्र ठेवले आणि शेजारी दाखल्यांचा गठ्ठा. बाई रांगेत आल्या, बसल्या. मी उभा राहिलो आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की गेल्या वर्षी यांना सही येत असताना मी अंगठा घेतला, ती चूक माझी होती. आवाज फारसा उठला नाही. माझा आवाज तसाही मोठा नाही. पण मागच्या बायका ऐकायला पुढे सरकल्या. बाईंनी मनगट टेकून चार अक्षरे लिहिली. शिरोरेघ ओढली. कोणी थट्टा केली नाही. मागच्या बाईने फक्त विचारले, “मी बी कागदावरच करू का?” मी हो म्हणालो, आणि त्या दिवशी सर्वांच्या सह्या कागदावर घेतल्या. व्यवस्थापनाला दुसरा अहवाल पाठवला तो त्यानंतर. त्यात यंत्राचे गुण कायम ठेवले, शेवटचे वाक्य मागे घेतले, आणि त्या एका प्रकरणी न शकणारे कोण होते हे सुधारून लिहिले. त्यावर उत्तर आले नाही.

मात्र त्या सकाळी बाईंना एक गोष्ट सांगणे बाकी होते. पहिल्या अहवालासारखे ते मला पुन्हा अर्धवट सोडायचे नव्हते.

“मावशी, यंत्रात अजून अंगठाच आहे. तो मला बदलता आला नाही.”

“मग ही सही कुठं ठेवणार?”

“तुमच्या फायलीत.”

“फाइल कोण उघडतं आता?”

खरे उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

“मग मला ह्याची झेराक्स द्या,” त्या म्हणाल्या.

मी प्रत काढून आणली. कागद अजून गरम होता. नियमात बसत नव्हते, तरी मी मूळ कागद त्यांच्यापुढे केला आणि म्हटले, “ही तुम्ही ठेवा. प्रत आम्ही ठेवतो.”

त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी धरून पाहिले. मूळ कागद माझ्याकडे सरकवला, प्रतीची नीट घडी केली आणि पिशवीत ठेवली.

“खरी हापिसात असू द्या,” त्या म्हणाल्या. “अंगठा तिथंच हाय ना.”

मी फाइल उघडली. कोऱ्या कागदावरच्या त्या नेमक्या, न फासलेल्या अंगठ्यावर सही ठेवली आणि टाचणी लावली.