नंबरकाकांनी कॅमेऱ्याचे डोळे तपासले

नंबरकाकांना खरं नाव होतं, पण ते आता फक्त दुकानाच्या विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळा रस्ता त्यांना नंबरकाकाच म्हणायचा. तीस वर्षं लोकांच्या चष्म्याचे नंबर काढून काढून माणसाचा स्वभावच तसा होऊन बसला. दारात कुणी आलं की "या, बसा" म्हणायच्या आधी त्याच्या नाकावरचा चष्मा वाकडा आहे का, ते बघायचे. काकूंनी विचारावं, "चहात साखर बरोबर आहे का?" तर म्हणायचे, "कालच्यापेक्षा बरी. पण परवाची जास्त साफ होती." काकू म्हणायच्या, "कप इकडे द्या."

अशा माणसानं अठ्ठावन्नाव्या वर्षी कॅमेरा घ्यायचं मनावर घेतलं. तोही फोटो काढायला नाही, सिनेमा काढायला. पाच मिनिटांचाच, पण सिनेमा.

त्याला कारण समोरचे रफूमास्तर. रस्त्याच्या पलीकडे त्यांची एवढीशी खोली. एक खिडकी, एक टेबल, भिंतीला टांगलेले कपडे आणि खाली एक निळी बादली. कसरीनं खाल्लेला कोट असो की खिळ्याला अडकून फाटलेली विजार, मास्तर आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढायचे आणि उभा, आडवा, एक वर, एक खाली असे विणत जायचे. नंतर मालकानं शोधलं तरी भोक कुठं होतं ते त्याला सापडायचं नाही.

महिन्यापूर्वी मास्तर काकांच्या तपासायच्या खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, "चष्मेवाले, नंबर वाढवा. सुईचं नेढं पळून जातंय."

काकांनी काचांमागून काचा बदलल्या. शेवटी ती काळी चकती काढली, मधोमध टाचणीएवढं भोक असलेली. दोष नुसता नंबरचा असला तर त्या बारीक भोकातून अक्षर साफ दिसतं. मास्तरांनी डोळा लावला. "तसंच आहे हो. मधोमध ढग आणि कडेनं उजेड."

काका मनातून चरकले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, चष्म्यानं होण्यातलं नाही, आहे तेवढं जपा.

"म्हणजे माझ्यापुरते नंबर संपले म्हणायचे," मास्तर हसत म्हणाले. काकांना हसता येईना. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कुणापुढे हात टेकले होते, तेही ज्याला नजरेशिवाय पोट नाही अशा माणसापुढे.

मास्तरांनी मग ठरवून टाकलं. हातात एक कोट होता, पोस्टमनच्या सासऱ्यांचा. तो पुरा करून शनिवारी द्यायचा आणि रविवारी खोलीची किल्ली मालकाच्या हातात ठेवायची. काकांनीही ठरवलं, की शनिवारच्या आत या हातांचा सिनेमा काढायचा. ते विचारायला गेले, तर मास्तरांनी अट घातली.

"काढा. पण मला दाखवायचा. आता मी बोटांनी चाचपून शिवतो. शेवटचा रफू कसा बसलाय, ते मला बघायचंय. चांगला मोठा करून दाखवा."

"दाखवतो," काका म्हणाले. कसा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काकू म्हणाल्या, "मोबाईलवर घ्या की. सगळं जग घेतंय."

घेऊन बघितला. सुईजवळ नेला तर त्याचीच सावली पडली. लांब धरला तर सुई दिसेना. बरं, तो आपल्या मनानं एकदा सुई साफ दाखवायचा, एकदा अंगठा. काका चिडून म्हणाले, "हा माझं ऐकतच नाही. मला असा पाहिजे की जिथं बघ म्हणेन तिथंच बघेल."

"असं कुणी मिळालं तर मलाही सांगा," काकू म्हणाल्या आणि पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर निघाल्या.

कॅमेऱ्याच्या दुकानात काका गेले ते बगलेत एक गुंडाळी घेऊन. ती त्यांनी उलगडली आणि समोरच्या भिंतीला चिकटवली. नंबर तपासायचा अक्षरांचा तक्ता! मग पावलं मोजत वीस फूट मागे आले आणि म्हणाले, "आता एकेक कॅमेरा द्या."

दुकान चालवणारी बाई शांत होती. चार वापरलेले कॅमेरे तिनं ओळीनं काढून दिले. काकांनी प्रत्येक कॅमेऱ्यानं तक्त्याचा फोटो काढला, मोठा करून शेवटची ओळ वाचली, परत पहिल्यापासून वाचली. चारही कॅमेऱ्यांना शेवटची ओळ स्वच्छ वाचता येत होती. काकांचा चेहरा उतरला.

"काय झालं?" बाईनं विचारलं.

"चौघांचेही डोळे ठणठणीत आहेत. आता निवडू कसा?"

"काका, फोटोला चौघेही चालतील. सिनेमाचं वेगळं बघायचं. मागचा पडदा वळतो का, बाहेरचा माईक लावता येतो का, अर्धा तास चालला की किती तापतो." तिनं त्यांतला एक पुढे सरकवला. "हा घ्या. आणि त्याला ही लेन्स. जवळ नेऊन ठेवली की सुईचं टोकसुद्धा दिसेल, आणि मागचं सगळं मऊ, धूसर होऊन जाईल. सिनेमावाले त्या धूसरपणासाठी जीव टाकतात."

काकांनी कॅमेऱ्याला डोळा लावून बघितलं. काउंटरवरची पेन्सिल लखलखीत दिसत होती आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या काकू पार विरघळल्या होत्या.

"अहो, ही दिसेनाशी झाली!"

"तेच तर."

"आमच्याकडे याला मोतीबिंदू म्हणतात. आणि लोक तो हौसेनं विकत घेतात?"

काकू मागून म्हणाल्या, "घेऊ नका हो ही लेन्स. आधीच मी यांना दिसत नाही."

काकांनी कॅमेरा तोच घेतला, पण लेन्स मात्र साधी घेतली. ज्यानं जन्मभर लोकांचं धूसर घालवलं, तो ते मुद्दाम कसं आणणार?

बुधवारी मास्तरांच्या खोलीत मुहूर्त झाला. काकांनी कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला, बटण व्हिडिओवर फिरवलं. आत खटकन आवाज झाला आणि काळोख.

"गेला!" काका ओरडले. "डोळा गेला याचा!"

"परवा तर ठणठणीत होता," काकू म्हणाल्या.

दुकानातल्या बाईला फोन लावला. ती म्हणाली, व्हिडिओ सुरू झाला की आतला आरसा वर जातो आणि ती डोळा लावायची खिडकी बंद होते. मागच्या पडद्यावर बघायचं. काकांनी मागे बघितलं. मास्तर तिथं छान दिसत होते, सुई हातात घेऊन वाट बघत होते.

आता काकांना आपली विद्या आठवली. बारीक भोकातून सगळं साफ दिसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी लेन्सचं भोक होईल तेवढं बारीक केलं. खोली अंधारली, म्हणून उजेडाचा आकडा वाढवत नेला. दोन तास मास्तर शिवत होते आणि काका घाम पुसत होते.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर, घरच्या टीव्हीला वायर जोडून काकूंना सिनेमा दाखवला. सगळ्या चित्रावर वाळू शिंपडल्यासारखी खरखर होती. पण साफ म्हणाल तर सगळंच साफ. भिंतीवरचे कपडे, खिळे, टेबलावरची कात्री, दाराबाहेरून जाणारी सायकल.

"कसा झालाय?" काकांनी विचारलं.

"बादली छान आलीय."

"अगं, सुई बघ ना."

"कुठंय?"

काकांनी टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवलं. मग बोट जरा डावीकडे नेलं. मग उजवीकडे. सुई त्यांनाही सापडेना. धडधाकट डोळ्यांच्या दोन माणसांना जे सापडत नव्हतं, ते मास्तरांना काय दिसणार होतं? काका खुर्चीत बसले ते उठेचनात. काकूंनी त्या वेळी मात्र काही थट्टा केली नाही. वायर काढून गुंडाळून ठेवली.

गुरुवारी दुकान काकूंवर सोपवून काका पुन्हा कॅमेऱ्याच्या दुकानातल्या त्या बाईकडे गेले. तिनं चित्र बघितलं आणि विचारलं, "काका, तुमच्याकडे माणूस येतो, त्याला तुम्ही सगळा तक्ता एकदम वाचायला लावता?"

"छे! एकेक ओळ. बाकीच्या मी झाकतो. नाहीतर माणूस गोंधळतो."

"मग?"

तिनं त्या दिवशीची, मागचं धूसर करणारी लेन्स कपाटातून काढून समोर ठेवली. "ही पण झाकतेच."

"हे आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही मोतीबिंदू म्हणालात."

शुक्रवारी सकाळी ती लेन्स लावून मास्तरांच्या खिडकीशी पुन्हा ठाण मांडलं. या वेळी भोक मोठं केलं. बादली गेली, कपडे गेले, सगळी खोली मागे मऊ धुक्यात बुडाली आणि उरली फक्त सुई आणि दोन बोटं. फक्त एक पंचाईत होती. लेन्सला साफ दिसणारा पट्टा धाग्याएवढाच होता. मास्तरांचा हात केसभर पुढे आला की सुई गायब. कॅमेरा स्वतःहून शोधायला लागला की नुसता घुर्रघुर्र करत पुढेमागे व्हायचा. काकांनी त्याचं ते शोधणं बंद करून टाकलं आणि लेन्सचं कडं स्वतःच्या बोटांनी फिरवायला लागले. हे मात्र त्यांचं खानदानी काम. थोडं इकडे, थोडं तिकडे, आता बरं, आता अजून बरं.

"मी श्वास घेतला तर चालेल?" मास्तरांनी विचारलं.

"घ्या. पण हळू. आणि आधी सांगून."

काकू काटेरी आवाजात म्हणाल्या, "मास्तर, मीही तीस वर्षं अशीच राहतेय."

दुपारी शेवटचा धागा आत ओढून मास्तरांनी कोट टेबलावर ठेवला. "झालं," म्हणाले. काकांनी कॅमेरा बंद केला.

संध्याकाळी मास्तर काकांच्या घरी आले, कोट खांद्यावर टाकून. टीव्हीपासून वीतभर अंतरावर त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं होतं. मधून दिसत नाही म्हणून त्यांनी मान वाकडी केली, पाखरू दाणा बघतं तशी, आणि कडेच्या नजरेनं बघायला लागले. पडद्यावर सुई भाल्याएवढी. एकेक धागा दोरखंडाएवढा.

काका टीव्हीकडे बघतच नव्हते. ते मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते.

बराच वेळ गेला. मग मास्तर ताडकन म्हणाले, "थांबवा! मागे घ्या. हं, इथं. हे काय केलंय?"

"काय?"

"दोन धागे एकापाठोपाठ वरून गेलेत. एक खालून जायला पाहिजे होता. कुठल्या गाढवानं केलं हे?"

"मास्तर, तुम्हीच."

"ते दिसतंय मला!" मास्तर कडाडले. दिसतंय, हा शब्द त्या माणसाच्या तोंडून महिन्याभरात कुणी ऐकला नव्हता.

"सुई द्या," मास्तर म्हणाले. "उसवतो आणि परत करतो. हा असला रफू माझ्या नावावर जाणार नाही."

काकूंनी टेबलावर दिवा आणून ठेवला. कॅमेरा समोरच तीन पायांवर उभा होता, वायर टीव्हीत तशीच होती. काकांनी सवयीनं तो चालू केला, कोटावर वळवला आणि कडं फिरवलं. टीव्हीवर कोटाचं कापड आलं. मास्तर मांडीवरच्या कोटाकडे बघायचं सोडून टीव्हीकडे बघायला लागले आणि सुई उचलली.

"अहो, मी उजवीकडे नेतोय, ही डावीकडे पळतेय!"

"कॅमेरा समोरून बघतोय ना," काकू म्हणाल्या. "त्याला मास्तरांच्या पाठीशी घ्या. त्यांच्या खांद्यावरून बघू दे."

काकांनी कॅमेरा उचलून मास्तरांच्या खांद्यामागे उभा केला. आता सुई हात नेईल तिकडेच जायला लागली. दोनदा बोटाला टोचली, तिसऱ्यांदा धाग्याखालून निघाली. वर, खाली, वर. मास्तरांची मान वाकडी आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात. काका कडं धरून वाकलेले. मधे कॅमेरा तापून बंद पडला, तेव्हा तिघंही पाणी प्यायले आणि तो निवेपर्यंत थांबले. दोन तास लागले, पण धागा बसला.

मास्तर गेल्यावर काकूंनी विचारलं, "हे सगळं घेतलंत ना त्यात?"

काकांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. मग काकूंकडे. लाल बटण दाबायचं राहून गेलं होतं.

शनिवारी कोट पोस्टमनच्या सासऱ्यांकडे गेला. रविवारी मास्तर किल्ली द्यायला गेलेच नाहीत. तसं फार काही काम होत नाही त्यांच्यानं. जाड लोकर तेवढी जमते, बारीक कापड परत पाठवतात. दिवसाला दोन तास, त्यातही मान दुखते. पण पाटी दारावर आहे.

टीव्ही आता कॅमेऱ्यासकट मास्तरांच्या खोलीत असतो. काकू आपल्या मालिका सोडून दुपारी तिथंच जाऊन बसतात आणि रफू बघतात. म्हणतात, मालिकेपेक्षा हे बरं, रोज काहीतरी पुढे तरी सरकतं.

आणि काका? त्यांच्या डोक्यात आता सिनेमाच्या तीन गोष्टी तयार आहेत. परवा ते रस्ता ओलांडून गेले आणि दारातूनच विचारलं, "मास्तर, कॅमेरा मोकळा आहे का?"

मास्तरांनी टीव्हीवरून मान न हलवता सांगितलं, "आज दोन कोट आहेत. बुधवारी या. आणि उजेडातून बाजूला व्हा, चष्मेवाले, मला दिसत नाही."

नंबरकाका लगबगीनं बाजूला झाले.