फटफटी की म्हैस

त्या दिवशी मी वर्गात वाघ झाले होते. तिसरीच्या मुलींना धड्यातला वाघ डोळ्यांनी दिसल्याशिवाय धडा कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पदर कमरेला खोचून, दोन्ही पंजे वर करून मी टेबलामागून गुरगुरत बाहेर आले, तर दारात भाऊजी उभे. माझे धाकटे दीर. आमच्या कुसगावहून शेतातून तसेच आलेले, पायाला चिखल, पागोटं डोक्याऐवजी हातात. मुली हसत होत्या, माझे पंजे वरच होते आणि भाऊजी हातातलं पागोटं पिळत होते. शेवटी म्हणाले, "वैनी, दादाच्या छातीत कळ आली कारखान्यात..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पंजे खाली घ्यायचे असतात हे मला कितीतरी वेळ सुचलं नाही.

त्याला आता महिना होऊन गेला. भेटायला बायका येतात, माझ्याजवळ बसतात, मी रडायला लागण्याची वाट पाहतात. मी त्यांना समुद्राची गोष्ट सांगते. एकदोघी घाबरून लवकर उठून गेल्या. बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला असं लोणावळ्यात पसरलंही असेल. पसरू दे. या पुरवणीच्या वाचकांना उठून जायचं असेल तर तेही जाऊ शकतात, मी गोष्ट सांगणार आहे.

आमचे हे त्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करत. उन्हाळ्यात मुंबईचे लोक हवा खायला बंगल्यांवर येत आणि त्यांच्या मोटारी घाट चढून धापा टाकत यांच्या दारात येऊन उभ्या राहत. दिवसभर त्या मोटारींशी बोलून यांचे शब्द संपत असावेत, कारण घरी आणायला एकही उरत नसे. आमच्या घरात बोलायचं खातं माझं, ऐकायचं यांचं. "व्हय" आणि "न्हाई" एवढ्या भांडवलावर या माणसाने माझ्याशी सुखाने संसार केला. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाने मोडकी फटफटी टाकून दिली होती, ती यांनी भंगारातून उचलून आणली आणि रात्रंदिवस खपून तिच्यात जीव घातला. ती पहिल्यांदा गरजली तेव्हा सासूबाईंनी जाहीर केलं की आता कोंबड्या अंडी द्यायच्या नाहीत. कोंबड्यांनी तसं काही मनावर घेतलं नाही, पण सासूबाई शेवटपर्यंत आपल्या म्हणण्याला धरून होत्या.

गावातून नवऱ्यामागे गाडीवर बसून जायचं म्हणजे भलतंच. हे पुढे निघून शिवेबाहेरच्या ओढ्याशी थांबत. मी कमरेवर रिकामी पाटी घेऊन, शेतावर निघाल्यासारखी, सावकाश चालत जायची आणि करंजीच्या झाडाआड पाटी लपवून मागच्या सीटवर चढायची. चढल्यावरही यांना हात लावायची सोय नव्हती. भर उजेडात, उघड्या रस्त्यावर, स्वतःचा झाला म्हणून काय, पुरुषाला धरायचं? मी मागे बांधलेल्या पिशवीचा पट्टा घट्ट धरून बसायची. सगळ्या शहाण्या बायका तशाच बसल्या असत्या.

मला हवी होती म्हैस. आम्हाला मूलबाळ झालं नाही... निदान दारात एखादं जिवंत जनावर असावं, संध्याकाळी मला बघून त्याने हंबरावं, असं फार वाटायचं. फटफटी विकली तर चांगली दुभती म्हैस येते हे मी एकदा जेवताना यांना सांगितलं. हे ताटावरून हात धुऊन उठले, त्या दिवशी काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. मग आपण होऊन म्हणाले, "आदी एकदा दर्या बघून यिऊ. मग तू म्हनशील तसं." यांच्या हिशेबाने हे मोठं भाषणच झालं. मी वर्षानुवर्षं मुलींना नकाशावर काठीने समुद्र दाखवत होते आणि स्वतः कधी पाहिला नव्हता, हे यांच्या बरोबर ध्यानात होतं.

होळीच्या सुट्टीत निघालो. बोरघाट उतरून खोपोली, पेण, अलिबाग. फटफटीचा जीव माझ्या एका शब्दावर टांगलेला, त्यामुळे यांच्या आदरसत्काराला ऊत आला होता. नारळीचं झाड दिसलं की थांब, शहाळं आण, चहाचं दुकान दिसलं की थांब. मुलगी खपवायला निघालेल्या बापासारखे हे दर थांब्याला माझ्या तोंडाकडे बघत. मी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं ठेवलं होतं. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा मी तो डोळे भरून पाहिला, पण बोलले इतकंच, की पाणी बरंच आहे. खरं सांगायचं तर पाठीचे मणी सुटे झाले होते आणि कौल म्हशीकडे झुकत होता.

रेवदंड्याच्या खाडीत फटफटी होडीत आडवी निजवली. आजारी पाहुण्याला धरावं तशी तिला चार कोळ्यांनी धरली होती. पलीकडे उतरून पुढे निघालो आणि मग वारा सुरू झाला. सुरूची झाडं सारखी शूं शूं करत होती, दातांत रेती, कानांत रेती, लाटांचे तुषार रस्त्यापर्यंत. एका टेकाडावर पातळाने अगदीच दगा दिला, तेव्हा गाडी थांबवून मी खडकाआड गेले. नेसणं सावरून परत आले, सीटजवळ पोचले, पदर खोचू लागले, आणि हे निघून गेले.

मी बसले असंच यांना वाटलं. एरवी तरी मी बसलेली यांना कुठे कळायची? हात लागायचा नाही, गाडीच्या धक्क्यांत वजन जाणवायचं नाही. मी "अहो, अहो" केलं; वाऱ्याने ते माझ्याच तोंडात परत कोंबलं. मग ओरडायचं सोडून दिलं आणि खडकावर बसले. म्हटलं, बघू तरी, बायको नाही हे या माणसाला केव्हा कळतं. मासळीची पाटी घेऊन एक कोळीण चालली होती. तिने विचारलं, मी सांगितलं, तर ती पाटी खाली ठेवून पोट धरून हसली आणि पुढे काय होतं ते बघायला माझ्या शेजारीच बसून राहिली. म्हैस पक्की झाली होती. मी तिचं नावसुद्धा ठरवत होते.

बऱ्याच वेळाने फटफट ऐकू आली. हे आले ते टोपी गेलेली, केस रेतीने पांढरे, ओठ कोरडे पडलेले. गाडी स्टँडवर लावायचंही भान नाही. ती तशीच आडवी टाकली आणि माझ्यापुढे उभे राहिले. "म्हैसच घिऊ," म्हणाले. मी विचारलं, कुठपर्यंत गेला होता? पार पुढच्या गावापर्यंत. आणि कळलं कसं?

"तू हुंकार दिला न्हाईस," हे म्हणाले. "मी इतकं बोललो, आन् तू हूं का चूं केलं न्हाईस. तू गप? म्हून मागं बगितलं."

मला आधी समजेचना. मग हळूहळू उलगडलं. हा मुखदुर्बळ माणूस पुढे वारा आणि मागे मी, माझं तोंड दिसत नाही, अशा बेताने सगळी वाट माझ्याशी बोलत गेला होता. लग्नापासून साचलेलं. रिकाम्या सीटला. काय बोललात म्हणून विचारलं तर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन म्हणाले, "जे सांगायचं व्हतं ते सांगून झालं." कोळीण आता हसत नव्हती. तिने पाटीतले दोन बोंबील काढून माझ्या हातात दिले आणि गेली.

मी म्हटलं, म्हैस नको. आणि सीटवर बसून दोन्ही हातांनी यांचा कोट धरला, भर उजेडात. ते पहिलं बोलणं मला कधीच मिळालं नाही. पुष्कळदा भांडून पाहिलं. पण त्यानंतर फटफटीवर हे बोलू लागले. फक्त तिथेच. उतरलं की पुन्हा व्हय आणि न्हाई. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं, गाडी रिकाम्या गोठ्यात उभी राहिली, तर संध्याकाळी हे तिच्यावर जाऊन बसत आणि मी मागे. गाडी जागच्या जागी, आणि हे बोलताहेत... कुसगावात आम्हाला कोण काय म्हणत असेल ते असो.

परवा भाऊजी फटफटीला टाकव्याचं गिऱ्हाईक घेऊन आले. माझ्याच भल्याचं बोलत होते. "वैनी, प्याट्रोल न्हाई, चालवाया मानूस न्हाई. ठिवून करायचं काय?"

"बसायचं," मी म्हटलं.

भाऊजींनी पागोटं डोक्यावर नीट बसवलं. मग गिऱ्हाइकाला घेऊन गेले.

दिवेलागणीला मी गोठ्यात जाते आणि मागच्या सीटवर बसते. दिवसभराचं सगळं सांगते. पुढची सीट रिकामी असते, पण त्याचं काही वाटत नाही. यांनी नाही का त्या पुढच्या गावापर्यंतची सगळी वाट अशीच काढली? मला तर कुठे जायचंही नाही.