खाऱ्या टाकीतले किडे

दौंडला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक भाडेकरू राहत. रेल्वेतले अधिकारी, मूळचे समुद्रकाठचे. त्यांची बदली झाली तेव्हा सगळं सामान ट्रकमधून गेलं, पण खाऱ्या पाण्याची चार फुटी काचेची टाकी मागे राहिली. आतल्या दगडांवरचं प्रवाळ आणि नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे बदलीच्या गावापर्यंत जिवंत पोचले नसते. त्यांनी ती टाकी आप्पांना देऊन टाकली. आप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेले. समुद्र त्यांनी दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा ड्यूटीवर आणि दुरून.

मी शिरूरला राहते आणि तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. टाकीचं कळलं तेव्हा मला वाटलं, दोन महिन्यांत हे प्रकरण आटोपेल. तसं झालं नाही. आप्पा पुण्याहून मिठाची पोती आणू लागले. फिल्टरच्या पाण्यात ते मीठ कालवून, खारटपणा मोजून, मगच ते पाणी टाकीत ओतायचे. वीज गेली तर पंप बंद पडू नये म्हणून त्यांनी घरातल्या फ्रिजआधी टाकीला इन्व्हर्टर जोडला.

एका जानेवारीत त्यांचा फोन आला.

“अगं, दगडात किडं हाईत. एक न्हाई, चार-पाच जातीचं. तुला कवा यायला जमंल?”

मी रविवारी निघाले. चौफुल्याला एसटी बदलली. गाळप हंगाम चालू होता, त्यामुळे पाटसपर्यंत दुसरी एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत गेली. पिशवीत भिंग, बारीक कुंचला आणि दोन काचेच्या बशा होत्या. या कामासाठी मी योग्य माणूस आहे, याबद्दल मला त्या दिवशी काडीचीही शंका नव्हती. बावीस वर्षं मी वर्गात समुद्री कृमी दाखवत आले होते. बाटलीतला, फॉर्मॅलिनमधला, पिवळट पडलेला एक नमुना. दरवर्षी तोच.

भाडेकरूंनी टाकीचे दिवे संध्याकाळी चारनंतर लागतील असे लावून ठेवले होते आणि आप्पांनी ते तसेच ठेवले. पडदे ओढले की दुपारी त्या खोलीत टाकीपुरता अंधार व्हायचा. हे किडे अंधारात बाहेर येतात. आप्पांकडे रेल्वेची लाल-हिरव्या-पांढऱ्या उजेडाची विजेरी होती. लाल उजेड लावला तर किडे बिचकत नाहीत, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं. जेवण झालं की खुर्ची टाकीसमोर ओढून दोन-अडीच तास ते बसत आणि जे दिसेल ते वहीत लिहीत. दगडांना त्यांनी डावीकडून प्लॅटफॉर्मचे नंबर दिले होते. ‘दोन वाजून सात मिनिटं. प्लॅटफॉर्म दोन, खालचं भोक. गुलाबी, केसाळ. पडलेलं खाणं ओढून नेलं.’ अशा नोंदींनी पानंच्या पानं भरली होती.

सोपं होतं ते आम्ही आधी उरकलं. काचेवर मोहरीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी दिसत होत्या, त्या गोगलगायी नव्हत्याच. वेटोळ्या नळीत राहणारे कृमी होते ते. भिंगातून पाहिलं तर नळीच्या तोंडाशी पंख्यासारखा तुरा दिसायचा. वाळूवर शेवयांसारखे पांढरे धागे पसरत, ते एका पुरलेल्या कृमीचे हात होते. आप्पांनी दोन्ही नावं वहीत लिहून घेतली. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मुलगी शिकली त्याचं काहीतरी त्यांच्या घरात उपयोगी पडत होतं.

मग गुलाबी किडा आला. बोटभर लांब, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुपके. आप्पांनी तो चिमट्यानं धरला, तरी दोन-चार केस त्यांच्या अंगठ्यात घुसलेच. काचेची कुसळं टोचावीत तसं झालं. मी चिकटपट्टी लावून ती ओढून काढली.

“हा आग्या कृमी,” मी म्हणाले. “प्रवाळ खातो. तुमचं हिरवं प्रवाळ कमी होतंय ना, ते यानंच.”

तीन नंबरच्या दगडावर शर्टाच्या बटणांएवढी हिरवी तोंडं असलेलं प्रवाळ होतं. त्यातली दहा-बारा तोंडं महिनाभरात नाहीशी झाली होती, हे खरं होतं.

आप्पा म्हणाले, “पर मी ह्याला तिकडं गेलेला कधी बघितला न्हाई.”

“आप्पा, मी हेच शिकवते.”

वही मिटून त्यांनी विचारलं, “मग काय करायचं?”

सगळे काढून टाका, मी सांगितलं. एक किडा मी कॉलेजसाठी स्पिरिटमध्ये बुडवून बाटलीत घेतला. शिरूरला गेल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघायचा, असं ठरवलं होतं. पण प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्या आणि बाटली कपाटात राहिली.

मी सांगितलेलं काम आप्पांनी केलं. प्लास्टिकच्या नळीला एका बाजूनं बूच मारून आत कोळंबीचा तुकडा ठेवायचा आणि नळी वाळूत आडवी ठेवायची. तासाभरानं काढली की आत चार-पाच किडे असत. तीन आठवड्यांत त्यांनी टाकीतले गुलाबी किडे जवळजवळ संपवले. फोनवर ते मला आकडा सांगत आणि मी छान म्हणत असे.

फेब्रुवारीच्या शेवटी पाणी गढूळ झालं. दगडांच्या खबदाडात पडलेलं खाणं आता कुणी उचलत नव्हतं. ते तिथंच कुजत होतं. आप्पांनी दोनदा अर्धं पाणी बदललं, तरी एका सकाळी दोनातला मोठा मासा तळाशी आडवा पडलेला सापडला. आणि हिरवं प्रवाळ कमी होतच होतं.

“किडं तर संपलं,” आप्पा फोनवर म्हणाले, “मग खातंय कोन?”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं.

त्या दिवशी मी कपाटातली बाटली काढली. तास संपल्यावर प्रयोगशाळेत बसून किड्याचं डोकं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि पुस्तकातल्या आकृत्यांशी ताडून पाहिलं. प्रवाळ खाणाऱ्या आग्या कृमीच्या डोक्यामागे मोठा, घड्या पडलेला मांसल तुरा असतो. या किड्याला तो तुरा अगदी अरुंद होता, पटकन दिसणारही नाही असा. हा त्याच कुळातला, पण उष्टं-खरकटं खाऊन जगणारा. टाकीची झाडलोट करणारा. एवढं समजायला मला पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी जानेवारीत दिला नव्हता.

शनिवारी दौंडला गेले. आप्पा व्हरांड्यात शेंगा फोडत बसले होते. चप्पल काढायच्या आधीच मी सांगितलं, “आप्पा, माझी चूक झाली. ते किडे चांगले होते. तुम्ही म्हणत होता तेच बरोबर होतं.”

त्यांनी शेंगांची परात बाजूला सरकवली.

“चूक दोघांची हाय,” ते म्हणाले. “मी डोळ्यानं बघत हुतो. तरी म्हनलं, पोरगी शिकलेली हाय, तिला जास्त कळतंय. सिग्नल दिसत असताना कुनी सांगितलं म्हनून गाडी हाकली, तर ती ड्रायव्हरचीच चूक धरत्यात.”

मी पायऱ्या चढून टाकीपर्यंत गेले. एकटा राहिलेला मासा काचेच्या एकाच कोपऱ्यात खालीवर करत होता.

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्यांची वही पहिल्या पानापासून वाचली. जानेवारीत मी फक्त चाळली होती. गुलाबी किड्याच्या नोंदी ढीगभर होत्या आणि त्यातली एकही तीन नंबर प्लॅटफॉर्मवरची नव्हती. मधेच चार नोंदी वेगळ्या होत्या. ‘काळपट. केस दिसत न्हाईत. रॉकेलवानी चमक. तोंडाला पाच मिश्या, मानेला पांढरा पट्टा. झटक्यात आत.’ चारही प्लॅटफॉर्म तीनच्या. मी तोही गुलाबीचाच मोठा भाऊ समजून पान उलटलं होतं.

“हा किती लांब होता?”

“समदा कधी दिसलाच न्हाई. वीतभर बाहेर यायचा, बाकी भोकात.”

पाच मिश्या म्हटल्यावर कूळ कळण्यासारखं होतं. या कुळातले कृमी दगडात घर करतात, काहींना कात्रीसारखे जबडे असतात, आणि त्यातले काही प्रवाळ कुरतडतात. पण या वेळी मी लगेच नाव सांगितलं नाही. आम्ही पडदे ओढून बसलो. दीड तासानं लाल उजेडात तो आला. आधी मिश्या, मग पट्टा, मग चकाकणारं अंग. एक हिरवं तोंड त्यानं धरलं, मुरगाळलं आणि तो दिसेनासा झाला. आप्पांनी वेळ लिहिली. मी खाली माझी सही केली. का केली, सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी तीन नंबरचा दगड उचलून बादलीत आणला. प्रवाळाची बाजू पाण्याच्या वर धरून, किडा बाहेर पडावा म्हणून भोकाची बाजू दुप्पट खारट पाण्यात बुडवली. आप्पांनी दगड दोन्ही हातांनी तोलून धरला होता, मी भोकाकडे बघत होते. दहाएक मिनिटांनी किडा बाहेर यायला लागला आणि येतच राहिला. संपूर्ण बाहेर पडला तेव्हा तो आप्पांच्या हाताएवढा भरला, खांद्यापासून मनगटापर्यंत.

“ह्यो आत कवापासनं राहत आसंल?” आप्पा म्हणाले.

परत टाकीत सोडणं शक्य नव्हतं. लवंगेचं तेल टाकून मी तो सुन्न केला, मग स्पिरिटमध्ये घातला. त्याची हालचाल थांबेपर्यंत आप्पा उभे राहिले आणि ती वेळही त्यांनी वहीत लिहिली.

उन्हाळ्यात हिरवं प्रवाळ पुन्हा पसरू लागलं. नळीतून सुटलेले थोडे गुलाबी किडे राहिले होते, त्यांचे आपोआप पुष्कळ झाले. मेलेल्या माशाच्या जागी आप्पांनी दुसरा आणला नाही. मी एकदा विचारलं, तर नको म्हणाले.

कॉलेज उघडल्यावर मी त्या काळपट किड्याची बाटली वर्गात नेली आणि जे घडलं ते माझ्या चुकीसकट मुलांना सांगितलं. कूळ सांगता आलं, जात सांगता आली नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीत मी ‘जात: माहीत नाही’ असं लिहिलं. मुलांनी विचारलं, ज्यांनी पाहिलं ते येतील का?

आप्पा आले. इस्त्रीचा शर्ट घालून, वही पिशवीत घेऊन. आधी त्यांनी सूक्ष्मदर्शकातून त्या किड्याचे जबडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग मुलांनी प्रश्न विचारले आणि मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. दोन किडे वेगळे आहेत हे तुम्हाला कसं कळलं, असं एका मुलीनं विचारलं.

“कुठं जातोय ते बघितलं,” आप्पा म्हणाले. “दोघांचा रस्ता वायला हुता.”

तास झाल्यावर ते कपाटांतल्या जुन्या बाटल्या बघू लागले. विंचू, जळवा, तारामासा. प्रत्येक बाटलीवरचं नाव त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

“ह्यातलं जित्तं तू काय काय बघितलंस?” त्यांनी विचारलं.

“विंचू,” मी म्हणाले. “आणि जळू, एकदा.”

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या कपाटाकडे वळले. माझा पुढचा तास होता. मी त्यांना तिथंच सोडून वर्गावर गेले.