मामांचा मनोरा

इंग्लंडच्या उत्तर सीमेवर गेली तीस वर्षं भोरमधून जागता पहारा आहे. पहारेकरी एकच, माझ्या बायकोचे मामा. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले आणि गुडघ्यांना तेल चोळत गॅलरीत बसलेले. रोहिडा किल्ला इतक्या जवळ, पण मामा तो कधी चढलेले नाहीत. "त्याच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत," ते म्हणतात. "याला कोण आहे?" याला म्हणजे शाळेच्या रद्दीत सापडलेल्या, मुखपृष्ठ गळालेल्या एका पुस्तकातल्या मध्ययुगीन दगडी मनोऱ्याला. स्कॉटलंडकडून गुरं पळवणाऱ्या टोळ्या येत, म्हणून तो बांधला होता.

मामा तो तळमजल्यापासून सांगायला घेतात. न्हाव्याकडे त्यांची दाढी पहिल्या जिन्यापाशीच उरकते. एका बारशाला त्यांच्या हाती माईक दिला, तर बाळाच्या नावाआधी भिंतीची जाडी जाहीर झाली आणि पाहुणे पानावर जाऊन बसले. मी स्वतः मोबाईल कानाला लावून दुसऱ्या मजल्यावरून दोनदा निसटलो आहे. मामा रागावत नाहीत. "एकदा कोणाला तरी गच्चीवर न्यायचंय," एवढंच म्हणतात.

गेल्या महिन्यात आम्ही तांदूळ आणायला वेल्ह्यापलीकडे पासलीला गेलो. परतीच्या एसटीला अवकाश होता. ज्यांच्या ओसरीवर टेकलो त्या आजी वाल सोलत होत्या. मामांनी घसा साफ केला. "खाली गुरं बांधायची आणि वर माणसं राहायची!"

"आमच्यात बी तसंच हाय की," आजी म्हणाल्या. "त्यात काय नवं? म्होरं बोला."

'म्होरं बोला' असं मामांना आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. मग आजींनीच विचारायला सुरुवात केली. चुलीचा धूर कुठनं जायचा? शिडी वर वढून घेतल्यावर गुरांना पाणी कोण दावायचं? म्हाताऱ्या माणसानं कसं चढायचं वो? मामा उत्तरं देत एकेक मजला चढत गेले. समोरून एसटी आली आणि गेली. मी उठलो नाही. शेवटी मामा गच्चीवर पोचले, शत्रू दिसताच जिथे जाळ पेटवायचा तिथे.

"मंग?" आजींचे हात थांबले. "आलं का चोर?"

मामांनी चष्मा काढून धोतराला पुसला. पुस्तकाचं शेवटचं पान सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"नाही," ते हळूच म्हणाले. "तिकडे कोणी फिरकलंच नाही."

"बरं झालं की," आजी म्हणाल्या. "गुरं वाचली."