हेडमास्तरांचा लाडका

गेवराई तेव्हा हैदराबाद संस्थानात होती, त्यामुळं शाळेत शिकवणं उर्दूतून चाले. मी हिशेब शिकवायचो आणि हेडमास्तरांचा उजवा हात समजला जायचो. मग हैदराबादेहून एक तरुण मास्तर भूगोल शिकवायला आला आणि हेडमास्तर त्याच्याशीच जास्त बोलू लागले. शाळा सुटली की दोघं गप्पा मारत बाजाराकडं निघायचे. मी मागून बघत राहायचो.

हेडमास्तरांनी एक रिवाज पाडला होता. जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीआधी एका मास्तरानं बाकीच्यांसमोर वर्ग घ्यायचा आणि मग सगळ्यांनी मोकळेपणानं बोलायचं. माझी पाळी आली तेव्हा हा नवा पोरगेला मास्तर म्हणाला, "पोरं तुमच्या मागं नुसती ओरडतात, मास्तर. समजत काहीच नाही."

हेडमास्तरांनी मान डोलावली. त्याचं बोलणं मला लागलं, पण ती मान जास्त लागली.

पुढं त्याची पाळी आली. चूक धरायचीच, या हिशेबानं मी पुढंच बसलो. त्यानं पोरांना अंगणात नेलं आणि वाळूत काठीनं नद्या काढल्या. बिंदुसरा त्यानं थेट गोदावरीला नेऊन सोडली. मी ताडकन उठलो.

"चूक! बिंदुसरा सिंदफणेला मिळती. गोदावरीला जाती ती सिंदफणा!"

मला वाटलं, आता याचं तोंड उतरेल. तो हसला आणि काठी माझ्या हातात दिली. "तो फिर तुमीच निकालो ना, मास्तर."

मी काढली. पोरं गुडघ्यावर बसून बघू लागली. कोणती नदी आधी, कोणती मागून, असं मराठीतून विचारायला लागली. इतक्या वर्षांत हिशेबाच्या तासाला मला कुणी काही विचारलं नव्हतं.

हेडमास्तरांनी तिथंच हुकूम केला, "हा वर्ग आता दोघांनी मिळून घ्यायचा."

घेतला. मी भाकरीचे तुकडे करून मराठीतून अपूर्णांक शिकवायला लागलो, तेच तो उर्दूत समजावायचा. पोरं सुधारली. तपासणीचे साहेब आले तेव्हा खूश झाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "काम दोघांचं आहे," हेडमास्तर म्हणाले. साहेबांनी मान हलवली, पण हात होता तिथंच राहिला.

काही महिन्यांत त्याला औरंगाबादच्या मोठ्या शाळेत बढती मिळाली. शिफारस हेडमास्तरांचीच होती. तो गेला त्याच दिवशी मी त्यांना गाठलं.

"मला कावून न्हाई पाठवलं?"

ते म्हणाले, "तुमी गेलात तर ही शाळा कुणाच्या जिवावर चालवू?"

खरं बोलले की माझी समजूत काढली, ते मला आजवर कळलेलं नाही. त्या दिवशी मात्र बरं वाटलं. हेवा तेवढा गेला नाही. अजूनही औरंगाबादहून कुणी आलं, की मी आधी त्याचीच चौकशी करतो आणि तो मजेत आहे असं कळलं, की जेवण गोड लागत नाही.